व्रण कुणाचा?

गेल्या कापूसवेचणीच्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील एक माउली मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मुलगी शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. मैदानात पडून तिच्या हनुवटीला खोक पडली होती. ‘‘फादर, तोंडावर डाग राह्यला तं हिचं लगन कसं होईन? तुमीच सांगा इले,’’ माउली म्हणाली. आम्ही लगेच उत्तर दिले नाही. एखाद्या मुलीने स्वखुशीने आपल्या देहाला इजा होऊ देणे योग्य आहे काय, हा त्या बोलण्यामागील प्रश्न सोपा नव्हे.

तो विचार करताना आम्हांला पुण्याच्या वाहबिझ भरूचा आठवल्या. त्यांचा खेळ रग्बी, कबड्डीहूनही अधिक अंगावर येणारा. धावत्या खेळाडूला कवेत धरून जमिनीवर पाडणे हा त्याचा पायाच. भारतीय महिला पंधरा जणींच्या संघानिशी आंतरराष्ट्रीय मैदानात प्रथम उतरल्या त्या 2018 साली, सिंगापूर येथे. पुढच्याच वर्षी, जून 2019 मध्ये, फिलिपाइन्समध्ये त्यांनी सिंगापूरला 21-19 असे हरवले. या प्रकारातील भारताचा तो पहिला विजय. ओडिशाच्या सुमित्रा नायक यांच्या अखेरच्या क्षणांतील पेनल्टीने तो मिळाला आणि कर्णधार होत्या भरूचा. विशेष म्हणजे त्या व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहेत. निखळलेला खांदा किंवा दुखावलेला गुडघा माणसाला काय भोगायला लावतो, हे त्या इतरांपेक्षा अधिक जाणतात. जाणूनही त्या खेळल्या. अशा निवडीला अविचार म्हणता येत नाही.

तरीही आक्षेप खोडून निघत नाही. इंग्लंडच्या 2003 सालच्या विश्वविजेत्या पुरुष संघातील स्टीव्ह थॉम्प्सन यांना वयाच्या चाळिशीतच स्मृतिभ्रंशाने गाठले. तो विश्वविजय आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी 2020 मध्ये सांगितले. डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांची ही किंमत. तेव्हा केवळ ‘स्वखुशी’ पुरेशी नाही. धोक्याची खरी माहिती हवी, नियमांचे कुंपण हवे, दुखापतीनंतर काळजी घेणारे कुणी हवे. रग्बीत खांद्याच्या वर पकड घालता येत नाही, चेंडू हाती नसलेल्या खेळाडूला पाडता येत नाही. अशी कुंपणे जितकी भक्कम, तितका खेळ नीतीला धरून.

मात्र ही कसोटी मुलगा आणि मुलगी यांना सारखीच लागू व्हावी. मुलाच्या गुडघ्यावरील व्रणाला आपण मर्दुमकी म्हणतो आणि मुलीच्या व्रणाने मात्र तिचे मोल घटते असे मानतो. तिचा देह जणू दुसऱ्या घरी सुखरूप पोचवायची ठेव आहे! त्या देहाची मालकी तिच्याकडे आहे, हे आपण मनोमन मान्यच केलेले नसते.

येथे आम्हांला आमचीही चूक कबूल केली पाहिजे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बहुतेक हातांना बांगड्या असतात. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांत रुततात, नखांशी रक्त येते. त्या बोटांची काळजी करीत कुणी आमच्याकडे आले नाही. उलट आम्हीच अनेक वर्षे प्रवचनांतून त्या हातांना ‘त्यागाचे हात’ म्हणून गौरविले. तो त्याग तिने निवडला होता काय, असे मात्र एकदाही विचारले नाही. इतरांसाठी झालेली जखम आपल्याला पवित्र वाटते आणि स्वतःच्या आनंदासाठी झालेली उधळपट्टी. हा निवाडा न्याय्य नाही.

आम्ही त्या माउलीला म्हणालो, ‘‘खेळू द्या तिला. मात्र सरांना विचारा, लागल्यावर पाहतो कोण? डोक्याला मार लागला तर डॉक्टर सांगेपर्यंत मैदानात पाठवू नका.’’ मग तिच्या बोटांकडे पाहून विचारले, ‘‘आणि हे केव्हाचे?’’

ती हसली आणि हात पदराआड घेतले. मुलगी मात्र आईच्या त्या हातांकडे पाहत राहिली.