जैतुनाचे तेल आणि पावित्र्याचा प्रश्न

जैतून, म्हणजेच ऑलिव्ह, हे भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत हजारो वर्षांपासून लावले जाणारे झाड आहे. त्याच्या फळांचे तेल तिथल्या घरांत जेवणात पडे, दिव्यात जळे, अंगाला चोळले जाई. प्राचीन इस्राएलात राजांना आणि याजकांना अभिषेकही याच तेलाने होई. रोज हाताखाली असलेली वस्तू पवित्र होते ती कशामुळे? पावित्र्य तिच्या अंगी असते, की माणसांनी पाळलेल्या नियमातून येते? या झाडाच्या प्रदेशात रुजलेल्या धर्मपरंपरांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

यहुदी परंपरेचा भर नियमावर आहे. ‘निर्गम’ या ग्रंथात अभिषेकाच्या तेलाची कृतीच दिलेली आहे: जैतुनाचे तेल, गंधरस, दालचिनी, तज आणि एक सुगंधी वनस्पती. यातले काहीही दैवी नाही, सगळे घटक व्यापाऱ्याकडे मिळणारे. मात्र या प्रमाणात तेल करून कोणी स्वतःसाठी वापरले, तर त्याला समाजातून तोडावे, अशी तिथे आज्ञा आहे. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहामध्ये तेलाची प्रतवारी आढळते. कुटलेल्या फळांतून आपोआप निथळलेले पहिले तेल मंदिरातल्या दीपवृक्षासाठी, त्यानंतर दाबून काढलेले अन्नार्पणासाठी. इ. स. पू. १६४ मध्ये यरुशलेमच्या मंदिराची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. एका दिवसापुरते तेल आठ दिवस पुरल्याची तालमूदमधली कथा त्याच प्रसंगाची आहे, आणि तिचा कणा आहे प्रमुख याजकाची मोहोर. तेल इतरही होते, पण ते विटाळलेले होते. मोहोर शाबूत असलेली कुपी एकच सापडली. याच धर्मशास्त्रात जैतुनाच्या फांद्या एकदा झोडपल्यावर उरलेली फळे परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवण्याची आज्ञा आहे. दिव्याच्या तेलाच्या नियमाइतकीच ही आज्ञाही ईश्वराची मानली जाते, हे या परंपरेचे फार मोठे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

अथेन्समध्ये पावित्र्य झाडाला चिकटलेले होते. अथेनादेवीच्या झाडाचे वंशज मानलेले ‘मोरिया’ वृक्ष खासगी शेतात असले तरी नगरराज्याच्या ताब्यात असत. असे झाड तोडणाऱ्याला पूर्वी मृत्युदंड होता, असे ॲरिस्टॉटलच्या नावावरील अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात म्हटले आहे. पवित्र वृक्षाचा नुसता बुंधा उपटल्याच्या आरोपावरून झालेल्या खटल्यातले, वक्ता लिसियास याने लिहिलेले बचावाचे भाषण आजही उपलब्ध आहे. तेलाची गोष्ट वेगळी होती. पॅनाथेनाइआ उत्सवातल्या विजेत्यांना ते चित्रांकित कुंभांतून बक्षीस मिळे, आणि ते विकायला त्यांना मुभा होती. झाडाच्या पावित्र्यावरच्या श्रद्धेला निसर्गाचाही आधार आहे. खोड जळले किंवा तोडले तरी जैतुनाच्या बुडख्यातून नवे धुमारे फुटतात. पर्शियन सैन्याने इ. स. पू. ४८० मध्ये ॲक्रोपोलिसवरचे झाड जाळले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला हातभर कोंब आला, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. कोंबाची लांबी श्रद्धेने वाढवलेली असेल. फुटवा मात्र या झाडाच्या स्वभावातलाच.

कुराणातल्या प्रकाशाच्या आयतीत जैतुनाचे झाड ना पूर्वेचे आहे ना पश्चिमेचे, आणि त्याचे तेल विस्तव न लागताही उजळू पाहते. दिवसभर ऊन मिळणारे झाड, असा काही भाष्यकारांनी साधा अर्थ लावला. मुस्लिम विचारवंत अल-गझाली (मृत्यू ११११) याने ‘मिश्कात अल-अन्वार’मध्ये त्या दृष्टान्तात मानवी जाणिवेच्या पाच पायऱ्या पाहिल्या: कोनाडा म्हणजे इंद्रिये, काच म्हणजे कल्पना, दिवा म्हणजे बुद्धी, झाड म्हणजे विचारशक्ती आणि तेल म्हणजे प्रेषितांना लाभणारी दृष्टी. इथे तेल पूजेचे साहित्य राहत नाही, ज्ञानाच्या स्वरूपाबद्दलचा विचार होते.

प्रश्नाची खरी कसोटी लागली ती ख्रिस्ती धर्मात, कारण हा धर्म जैतून न उगवणाऱ्या देशांतही पोहोचला. रुग्णांच्या अभ्यंगासाठी बिशपने आशीर्वादित केलेले जैतुनाचेच तेल हवे, असे फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेने १४३९ मध्ये नमूद केले होते. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये, जिथे ते मिळणे कठीण आहे तिथे दुसरे वनस्पतिजन्य तेल चालेल, अशी परवानगी दिली. कोकण-गोव्यासारख्या नारळाच्या मुलखालाही ही मोकळीक लागू पडते. हा निर्णय वरवर सोयीचा दिसला तरी त्यामागचा विचार खोल आहे. संस्काराचे सामर्थ्य प्रार्थनेत आहे, एका प्रदेशाच्या पिकात नाही, हे त्यातून मान्य झाले. तरीही तेल वनस्पतीचेच हवे, ही अट राहिली. द्रव्य पूर्णपणे गौण ठरले नाही.

घरगुती वापरात हा प्रश्न उद्भवत नाही. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा साबण जैतुनाचे तेल, पाणी आणि क्षार यांचा असतो. वड्या कापून, शिक्का मारून, पोकळ मनोऱ्यांसारख्या रचून वाळवतात. बेथलेहेममध्ये मात्र व्यापार आणि पूजा शेजारीशेजारी येतात. तिथे जैतुनाच्या लाकडाचे क्रूस, मूर्ती आणि जपमाळांचे मणी कोरले जातात, आणि यात्रेकरू ते विकत घेतात. १९१७ च्या कॅथलिक धर्मकायद्यात जपमाळ विकली गेली की तिला जोडलेली पापदंडातली सूट संपते, असे कलम होते. अथेन्सच्या विजेत्याला पवित्र झाडाचे तेल बाजारात नेता येई. आशीर्वाद घेतलेली माळ बाजारात गेली की पुन्हा केवळ लाकूड उरे.