बोलावणे आणि पाठवणे

पुठ्ठ्यावर किंवा फरशीवर खडूने लिहिलेली इंग्रजी मुळाक्षरे, शून्य ते नऊ आकडे, ‘येस’ आणि ‘नो’ अशी दोन घरे, मधोमध उपडी वाटी किंवा नाणे, त्यावर तीन-चार जणांची बोटे आणि एक मेणबत्ती. कॉलेजच्या वसतिगृहांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले प्लँचेट ते हेच. आत्मा परत जाईपर्यंत बोट उचलायचे नाही, हा त्यातला कडक नियम. नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला पुढचे कथानक वेगळे सांगावे लागत नाही: गंमत म्हणून बोलावलेला पाहुणा परत जातच नाही. या भयकथेच्या मुळाशी मात्र एक गंभीर प्रश्न आहे. मेलेल्या माणसाला काही विचारता येते का? आणि उत्तर आलेच, तर त्याला ज्ञान म्हणायचे का?

ही पद्धत इथल्या मातीतली नाही. 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल गावी फॉक्स बहिणींनी टकटक आवाजांतून मृतांशी संवाद होत असल्याचे सांगितले आणि परलोकविद्येची लाट उसळली. 1888 मध्ये त्यांतल्या मार्गारेटने ते आवाज आपण पायाच्या सांध्यांतून काढत होतो, असे जाहीर सभेत कबूल केले. पुढे तिने ही कबुली मागे घेतली, पण तोवर लाट जगभर पोचली होती. अक्षरांच्या फळीला अमेरिकेत 1891 मध्ये पेटंट मिळाले. भारतात सुशिक्षितांनीच ही परलोकविद्या आधी आपलीशी केली. रवींद्रनाथ ठाकूर यांनी 1929 मध्ये प्लँचेटच्या बैठका घेतल्या, त्या आपल्या मृत आप्तांच्या ओढीने. त्या ओढीला हसण्याचे कारण नाही. ज्याच्या घरातले माणूस अवेळी गेले आहे, त्याला एक शब्द तरी ऐकावासा वाटणारच.

वाटी सरकते, हे खरेच आहे. बहुतेक वेळा मुद्दाम कोणी ढकलतही नसते. टेबल फिरवण्याच्या खेळाची परीक्षा मायकेल फॅरेडेने 1853 मध्ये घेतली. हात आणि टेबल यांच्यामध्ये सहज घसरतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवून त्याने दाखवले, की आधी हात सरकतात, टेबल मागाहून. हात सरकवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मनात उत्तराची अपेक्षा असली की स्नायू नकळत त्या दिशेने हलतात. विल्यम कार्पेंटरने 1852 मध्येच या क्रियेला नाव दिले होते. सगळ्यांचे डोळे बांधून फळी गुपचूप फिरवली, की वाटी निरर्थक अक्षरांवर भटकते. जन्मात इंग्रजी न शिकलेले आजोबा इंग्रजी अक्षरांतून बोलू लागतात, तेव्हाच खरे तर शंका यायला हवी.

पण समजा, कोणी आलेच. तरी प्रश्न सुटत नाही. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे, मात्र तो आप्ताचा असेल तरच. आप्त म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो. वाटीमागे कोण आहे हेच ठरलेले नसेल, तर त्याचे आप्तत्व कशावरून ठरवायचे? त्याने स्वतःचे नाव सांगितले, म्हणून? मग साक्षीदाराची ओळखही त्याच्याच साक्षीवर उभी राहते. म्हणून आत्मा मानणाऱ्यालाही प्लँचेटवरचे उत्तर प्रमाण मानता येत नाही. चार्वाकाची गोष्टच वेगळी. तो देहापलीकडे आत्माच मानत नाही, म्हणून त्याच्यापुढे हा प्रश्नच उभा राहत नाही. आत्मा मानणाऱ्या भगवद्गीतेतही भूतांची पूजा आहे, पण ती तामसी म्हटली आहे आणि भूतांना पूजणारे भूतांनाच पोचतात असे नवव्या अध्यायात सांगितले आहे.

मेलेल्याला विचारण्याच्या या प्रश्नाची आणखी एक बाजू नाशिकमध्ये दिसते. हे शहर मृतांशी रोज व्यवहार करते. रामाने दशरथाचे श्राद्ध गोदावरीकाठी केले अशी श्रद्धा आहे आणि दूरदूरची माणसे अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. सुमारे 28 किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीचा विधी तीन दिवस चालतो. त्यातल्या नारायणबळीत अपमृत्यू आलेल्यासाठी पिठाची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यसंस्कार करतात. श्रद्धा ठेवा किंवा ठेवू नका, या विधींची दिशा स्पष्ट आहे. मृताला द्यायचे असते, त्याच्याकडून घ्यायचे नसते: पाणी, पिंड, तीळ देऊन त्याला वाटेला लावायचे. प्लँचेटची दिशा नेमकी उलटी. तिथे गेलेल्याला परत ओढून विचारले जाते, परीक्षेत पास होऊ का, ती होकार देईल का, लग्न कधी ठरेल. प्रियजनाचा जाणता म्हणून वापर हा त्यातला खरा दोष आहे. भूत येते की नाही, हा मुद्दा त्याच्यानंतरचा.

कॉलेजच्या मुलांवरची चांगली भयकादंबरी हेच ओळखते. तिच्यातली वाटी सहसा असेच काही सांगते, जे जमलेल्यांपैकी एकाला आधीपासून ठाऊक असते: दडवलेला अपघात, मोडलेला शब्द, एखाद्या मैत्रिणीचा एकटेपणा कोणी न पाहिल्याची टोचणी. फॅरेडेच्या प्रयोगाशी हे तंतोतंत जुळते, कारण बोट ज्याचे, उत्तरही त्याचेच. भुताचा नुसता धुमाकूळ दाखवणाऱ्या कादंबऱ्या म्हणूनच लवकर विसरल्या जातात. प्रत्यक्षातही खेळानंतर ज्या मुलाची झोप उडते, त्याला मांत्रिकाकडे नेऊ नये. त्याच्याजवळ बसून नेमकी कशाची भीती वाटते ते ऐकून घ्यावे आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

दहाव्याच्या पिंडापाशीही एक प्रश्न विचारला जातो. कावळा शिवत नसला, की घरचे एकेक जण पुढे होऊन मृताची राहिलेली इच्छा आठवतात आणि शब्द देतात: धाकटीचे शिक्षण पुरे करू, आईला अंतर देणार नाही. तिथे बोलतात ते जिवंत आणि बांधले जातात तेही जिवंतच. तरीही कावळा आला नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात, आणि मंडळी घरी परततात.