पुढची तारीख

मावशी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात हाडांची डॉक्टर होती, आता निवृत्त आहे. मी स्कॉटलंडमध्ये तातडीच्या विभागात काम करतो. आमच्याकडे किरकोळ फ्रॅक्चर आणि सांध्यांच्या दुखापती असलेल्या बऱ्याच रुग्णांना पहिल्याच भेटीत सगळं समजावून घरी पाठवतात आणि पुन्हा दाखवायला बोलवत नाहीत. मावशीला हे मुळातूनच खटकतं. या सुटीत दोन-तीन संध्याकाळी आमचं त्यावर बोलणं झालं, त्यातलं हे काही.

मावशी : आधी मला सांग, घरी पाठवता म्हणजे नक्की कुणाला?

मी : शाळकरी पोर घसरगुंडीवरून पडतं, मनगट दुखतं. एक्स-रेत हाड तुटलेलं नसतं, एका बाजूने चेपून किंचित फुगलेलं असतं. टोरस फ्रॅक्चर. किंवा रागाने भिंतीवर बुक्की मारून करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड मोडून घेतलेला पोरगा. पाय मुरगळताना तळपायाच्या बाहेरच्या कडेच्या हाडाचा बुंध्याशी टवका उडालेला माणूस. कोपरापाशी रेडियसच्या डोक्याला गेलेला, पण न सरकलेला तडा. लहान मुलांचं कॉलर बोन. ग्लासगो रॉयल इन्फर्मरीने 2011 मध्ये ही पद्धत बसवली. अशा ठरावीक दुखापतींना काढता-घालता येणारा स्प्लिंट किंवा झोळी, एक माहितीपत्रक आणि अडचण आली तर फोन करायला एक नंबर. बाकीच्यांचे एक्स-रे आणि कागद वरिष्ठ डॉक्टर नंतर बसून बघतात आणि कुणाला, केव्हा, कुठल्या तज्ज्ञाकडे बोलवायचं ते ठरवतात. व्हर्च्युअल फ्रॅक्चर क्लिनिक म्हणतात त्याला. पुढे ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी ते सुरू झालं.

मावशी : आणि त्या वेळी रुग्ण समोर नसतो.

मी : नसतो. त्याला हात लावून तपासलेलं असतं ते आदल्या दिवशी, आमच्या विभागात.

मावशी : तिथेच माझं अडतं. तपासणारा एक, ठरवणारा दुसरा.

मी : पण जुन्या पद्धतीत दुसऱ्या भेटीत काय व्हायचं ते आठव. तो मुलगा आणि त्याची आई सकाळी आठला येऊन बसायची. आईची रजा, मुलाची शाळा. अकरा वाजता नंबर लागायचा. ‘दुखतंय का? मनगट फिरव बघू. छान. तीन आठवड्यांनी या.’ झालं. त्या भेटीने हाड एक दिवसही लवकर जुळत नव्हतं.

मावशी : तुझ्या दृष्टीने झालं. त्या आईने डॉक्टरच्या तोंडून ‘छान’ ऐकलं, त्याची किंमत तू शून्य धरतोस.

मी : शून्य नाही धरत. पण विरारहून गळ्यात हात अडकवून लोकलने येणाऱ्या आणि एका दिवसाची रोजी बुडवणाऱ्या माणसाला तो एक शब्द केवढ्याला पडतो, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस.

मावशी यावर थोडा वेळ काही बोलली नाही. तिच्या ओपीडीतले निम्मे चेहरे हातावर पोट असणाऱ्यांचे असायचे. प्लास्टर रूमच्या बाहेर केसपेपर हातात धरून उकिडवे बसलेले, मुकादमाला आज काय सांगायचं या काळजीत असलेले. दुसऱ्या भेटीच्या बाजूने बोलणाऱ्याने हा खर्च आधी मांडायला हवा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. रुग्णाचा दिवस फुकट मिळतो हे गृहीत धरूनच आपण सगळे तारखा देत असतो.

मी : आणि हे नुसतं माझं मत नाही. 2022 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला. 23 रुग्णालयं, टोरस फ्रॅक्चरची 965 मुलं, वय 4 ते 15. काहींना फक्त बँडेज देऊ केलं आणि तिथूनच रजा दिली, बाकीच्यांना कडक आधार बांधून नेहमीचा फॉलोअप. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या मुलांचं दुखणं सारखंच होतं, आणि पुढेही दोघं सारखीच बरी झाली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर 2016 मध्येच सांगितलं होतं की या मुलांना कडक प्लास्टर घालू नका आणि पहिल्या तपासणीनंतर घरी जाऊ द्या.

मावशी : मनगट चेपलेल्या मुलाचं मी मान्य केलं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मला काळजी आहे ती त्याच रात्री, त्याच रांगेत बसलेल्या दुसऱ्याची. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा बाइकवरून घसरतो, तळहातावर पडतो. एक्स-रे साफ. ‘मुका मार आहे, शेकून काढ.’ प्रत्यक्षात स्कॅफॉइड मोडलेलं असतं. हे हाड पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. त्याला रक्त येतं ते बोटांकडच्या टोकाने, म्हणून मधे मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो. कधी जुळतच नाही, कधी मरतो. वर्षा-दोन वर्षांनी तो मुलगा येतो तेव्हा त्याला पाण्याची बादली उचलता येत नसते.

मी : म्हणूनच स्कॅफॉइड आमच्या यादीत नाही. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे कितीही साफ असो, त्याला सोडत नाहीत. एमआरआय करतात, नाहीतर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा बघतात.

मावशी : दाबतो कोण? रात्रीचे तीन वाजलेत, बाहेर अपघाताचे तिघे आहेत, आणि तपासणारं पोर कामाला लागून तीन महिने झालेत. त्याने खळग्यात बोट घातलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी एक्स-रे बघणाऱ्या तुमच्या वरिष्ठाला काय दिसणार? दुखणं एक्स-रेत उमटत नाही. पहिल्याच्या हातून सुटलेलं दुसऱ्याला सापडावं, यासाठी ती पुढची तारीख असायची.

मी : खरं आहे. पण तारीख असली की पहिला निर्धास्त होतो, हेही मी पाहिलंय. ‘बघतील क्लिनिकमध्ये’ म्हणून स्लॅब बांधायचा आणि पुढचा पेशंट घ्यायचा. आता तसं करता येत नाही. रुग्णाला शेवटचं बघणारा मीच आहे हे माहीत असलं की बोट आपोआप खळग्याकडे जातं.

मावशी : तुझं जातं. व्यवस्था उभी करायची ती थकलेल्या माणसाला धरून. शहाण्याला धरून उभी केलेली पहिल्याच वाईट रात्री कोसळते.

या एका वाक्यापाशी मी बराच अडकलो. त्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. होतं ते एवढंच, की थकवा दुसऱ्या भेटीतही असतो. शंभर जणांच्या ओपीडीत नव्वद जण नुसतं ‘छान’ ऐकायला आलेले असतील, तर ज्याचा घोटा सरकलाय तो त्यांच्या मागे ताटकळतो, आणि त्याची वेळ येईपर्यंत तज्ज्ञाचं लक्ष आटलेलं असतं. मावशीने हे लगेच कबूल केलं. गर्दीत खरा गरजू मागे पडतो, म्हणाली, आणि गर्दीत तो ओरडतही नाही.

मावशी : पण मग तुम्ही भरवसा कुणावर टाकताय ते बघ. ‘काही वाटलं तर फोन करा.’ फोन कोण करतं? ज्याला बोलता येतं, ज्याला आपला हक्क माहीत आहे, तो. वेल्समधले ज्युलियन ट्यूडर हार्ट 1971 मध्येच लिहून गेले की ज्याला उपचारांची जास्त गरज, त्यालाच ते मिळण्याची शक्यता कमी. तुमचा फोन नंबर त्या नियमातून सुटला कसा?

मी : दुभाषा मिळतो आमच्याकडे, फोनवरसुद्धा.

मावशी : फोन करायला आधी काहीतरी बिनसलंय हे कळायला लागतं.

मी मॅलेट फिंगरचं उदाहरण दिलं, कारण या अडचणीचा सगळा पीळ त्यात आहे. चेंडू बोटाच्या टोकावर बसतो, पेर खाली लोंबतं, आपलं आपल्याला वर उचलता येत नाही. उपाय म्हणजे इवलासा प्लॅस्टिकचा स्प्लिंट, सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. तो धुवायला काढायचा तर बोट टेबलावर सपाट टेकवून, टोक एकदाही न वाकवता. एकदा लोंबलं की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. कागदावर हे दोन ओळींत मावतं.

मावशी : आणि नाक्यावर काम शोधणारा बिगारी संध्याकाळपर्यंत तो काढून खिशात टाकतो. बोटाला काही बांधलेलं दिसलं की त्याला कुणी कामावर घेत नाही.

मी : मग तीन आठवड्यांनी बोलावून काय होईल? लोंबलेलं बोट आपल्याला दिसेल, एवढंच. तुझ्या तारखांना सगळे यायचे का?

मावशी : नाही यायचे. कितीतरी जण गावाला जायचे, हाडवैद्याकडून लेप आणि कामट्या बांधून घ्यायचे, आणि कोपर आखडल्यावर परत यायचे.

मी : म्हणजे केसपेपरवरची तारीख हातात होती, तरी माणूस सुटलेलाच होता.

मावशी : सुटलेला होता. मग तू काय करशील त्या बिगाऱ्याचं?

मी : त्याला विचारीन, ‘घरी गेल्यावर काय करणार ते तुम्ही मला सांगा.’ स्प्लिंट माझ्यासमोर काढून घालून दाखवायला लावीन. उद्या कामावर जाणार का, हेही विचारीन. आणि त्याला जमणार नाही असं दिसलं तर त्यालाच विचारीन, की आठ दिवसांनी येता का.

मावशी : जमणार नाही हे तू ठरवणार कशावरून? मळक्या कपड्यांवरून? माझ्याकडे अंगठा उठवणारी एक म्हातारी यायची, तिने नातवाचा स्प्लिंट जसा सांभाळला तसा कुठल्या बीए झालेल्याने सांभाळला नसता.

मी : म्हणून प्रत्येकाकडून वदवून घ्यायचं, कपडे न बघता. दहा मिनिटं जातात.

मावशी : आता बोललास. म्हणजे तुझी पद्धत स्वस्त नाहीच. दुसऱ्या भेटीचा वेळ पहिल्या भेटीत भरायचा आहे.

इथे आम्ही दोघं एका बाजूला आलो, आणि मला हे ठासून सांगायचं आहे. दुसरी भेट काढून घेतली आणि पहिलीला काहीच दिलं नाही, म्हणजे ना माणूस, ना वेळ, ना रुग्णाच्या भाषेतला कागद, तर त्याला सुधारणा म्हणू नये. ते रुग्णाला वाऱ्यावर सोडणं आहे. हिशेबाच्या वहीत मात्र दोन्ही अगदी सारखं दिसतं.

मावशी : आणखी एक. बासष्ट वर्षांची बाई मोरीत घसरून मनगट मोडून घेते. मनगट जुळेल. पण ते मोडणं सांगतं की हाडं ठिसूळ झालीत, उद्या खुबा जाईल.

मी : त्यासाठी ग्लासगोतच नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वेगळी सेवा सुरू झाली. पन्नाशीनंतर हाड मोडलेल्यांना शोधून त्यांच्या हाडांची घनता तपासायची. ती भेट राहायलाच हवी. तसंच एखाद्या पोराच्या अंगावर जुने वळ दिसले, तर त्याला मी कुठल्याही यादीवर बोट ठेवून घरी पाठवणार नाही. पण मग बोलवायचं ते त्या कारणासाठी, आणि कारण उघड सांगून. हाड बघायच्या निमित्ताने नाही.

मावशी : ठीक. शेवटचं विचारते. जुन्या पद्धतीत आमची चूक पुष्कळदा पायांनी चालत आमच्यापुढे यायची. लोंबलेलं बोट, आखडलेलं कोपर, कुणीतरी बघायचं, शिकायचं. तुमच्याकडे माणूस परत येतच नाही. तुमची चूक तुम्हाला कळते कशी?

मी : अभ्यासांमध्ये सगळ्यांना गाठून विचारतात.

मावशी : आणि अभ्यास संपल्यावर?

मी : काही जण फोन करतात. काही जण दुसऱ्या रुग्णालयात जातात, ते आम्हाला कळत नाही.

मावशी : मग क्लिनिकच्या वाचलेल्या पैशातून एक माणूस नेमा. सोडलेल्यांची यादी घेऊन त्याने दोन महिन्यांनी स्वतः फोन करायचे. कुणाच्या फोनची वाट बघायची नाही.

मी : हे मी गेल्यावर विभागात मांडतो. आणि मुंबईत?

मावशी : मुंबईत आधी रात्री तीनला खळग्यात बोट घालायला शिकवलेला माणूस पाहिजे, आणि त्याला दहा मिनिटं मोकळी पाहिजेत. ते होईपर्यंत पोरांची मनगटं सोडून द्या, बाकीच्यांची तारीख मी बंद करू देणार नाही.

मी : त्यातले निम्मे येणार नाहीत, हे माहीत असून?

मावशी : माहीत असून. पण तारखेशेजारी त्यांचा फोन नंबर लिहून घ्या, आणि जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी विचारा, का आला नाहीस.