जवळ बसून पाहा



वृद्धाश्रमातल्या आजीला भेटायला आपण बहुधा रविवारी जातो. फळं देतो, पाया पडतो, फोटो काढतो, निघतो. पुढच्या वेळी जरा जवळ बसून पाहा.

पाण्याचा पेला तिच्या हाताला लागेल असा ठेवलाय का? नखं वाढलीत का? दंडावरचा काळानिळा डाग कशाचा? "पडल्या होत्या" असं आजीऐवजी तिला सांभाळणाऱ्या मावशीच सांगतात आणि आजी मान खाली घालते, तेव्हा ती मान पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळोवेळी बदलली नाही, तर पाठीला, माकडहाडाशी जखमा होतात. वर चादर स्वच्छ असते. जवळ बसल्याशिवाय खालची जखम कळत नाही.

या मावशीही थकलेल्या असतात. माणसं अपुरी, पगार तुटपुंजा. त्यांच्याशी आपुलकीनं बोला. पण थकवा आला म्हणून कुणी हात उगारावा, हे मला कदापि मान्य नाही.

म्हणून कधी तरी न कळवता जा. आडवारी, जेवणाच्या वेळी. आजीशी एकटीशी बोला. घाबरून ती "सगळं ठीक आहे" म्हणेल. घाई करू नका, जवळ बसून राहा. जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवा, व्यवस्थापकांना लेखी विचारा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आजी आपली नसेल, शेजारच्या खाटेवरची असेल, तरीही फोन करा.