चाकावरची चार बोटं

जुनी मारुती ८०० घेतलेल्या तरुणाच्या डोळ्यांत पहिली खुपते ती चाकावरची जागा. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं सहज जातात. बारा इंची चाक त्या कमानीत हरवल्यासारखं दिसतं. गाडी थोडी खाली बसवली की तीच गाडी रस्ता धरून उभी राहिल्यासारखी वाटते. ही हौस मला मनापासून कळते. खिशात पैसे थोडे असतात, मग सगळ्यांत स्वस्त वाट सुचवली जाते: स्प्रिंगचा एखादा वेढा ग्राइंडरनं कापून टाकायचा.

त्या चार बोटांत मात्र गाडीचं निम्मं सुख साठवलेलं असतं. उंचवट्यावर चाक चढतं ते याच जागेत वर सरकतं, म्हणून तर आतल्या माणसाच्या पाठीला दणका बसत नाही. जागा आटली की शॉकअप लवकर तळाला जातो आणि बंप स्टॉपच्या रबरावर आदळू लागतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. शॉकअप मात्र जुन्या, नरम स्प्रिंगच्या हिशोबाचाच राहतो. त्याला ती उसळी आवरत नाही. खोल खड्ड्यावर चाक लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटीही होऊ शकते. काही जण स्प्रिंग गॅसनं तापवून बसवतात, ते तर कधीच करू नये. पोलादाला दिलेलं पाणी त्यात उतरतं आणि स्प्रिंग पुढे कधी दगा देईल याचा नेम राहत नाही.

पैसे मोजकेच असतील तर मी ते आधी न दिसणाऱ्या जागी घालीन. शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलंय का, लोअर आर्मचे बुश फाटलेत का, बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे का, स्ट्रटच्या माउंटिंगचं रबर बसलंय का, हे गाडीखाली शिरून बघायला काही पडत नाही. बंपर जोरानं दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप संपले. ते जोडीनंच बदलावेत. बुश हा यातला स्वस्त भाग, आणि फरक मात्र स्टिअरिंगवर लगेच जाणवतो. तिथं एक बारकावा घाईत राहून जातो. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते अडकवायचे आणि चाकांवर गाडीचं वजन आल्यावर मगच पक्के आवळायचे. चाक लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहून लवकर फाटतं. इतकं नीट झालं की गाडी वळणावर अशी शहाण्यासारखी वागू लागते, की खाली आणायची हौस कित्येकदा तिथंच फिटते.

फिटली नाही तरी हरकत नाही. मग आपला रस्ता मोजावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटर वेगानं ओलांडता यावा असा. मारुती ८०० च्या पुढच्या-मागच्या चाकांत २.१७५ मीटर अंतर आहे. हिशोब केला तर असा गतिरोधक तिच्या दोन चाकांच्या मधोमध जेमतेम साडेतीन सेंटिमीटर वर येतो. म्हणजे खाली बसवलेली गाडीसुद्धा तो सहज ओलांडेल. पण आपल्या गल्लीत असतो तो हातभर रुंदीचा, उभ्या कडांचा डांबराचा ढीग. चाकं त्याच्या दोन्ही बाजूंना असताना त्याची सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. असे ढीग घालणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या रुग्णालाही ते सोसावे लागतात.

आणि मोजमाप रिकाम्या गाडीवर घेऊ नये. मागच्या सीटवर आई-वडील बसू देत, डिकीत गावाकडचं तांदळाचं पोतं येऊ दे. मग टायरवर किती बोटं उरतात ते बघावं आणि त्यातलंच थोडं उचलावं. माझ्या मते इंचभर पुरे, तेही त्या गाडीसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप घालून. अलाइनमेंटचे पैसे मात्र सुरुवातीलाच बाजूला काढावेत. गाडी खाली येते तेव्हा लोअर आर्मचा कोन बदलतो, टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडतो आणि ते तसंच सोडलं तर पुढचे दोन्ही टायर कडेनं तासले जातात. अलाइनमेंटपुरते पैसे उरत नसतील तर स्प्रिंगांचं काम पुढच्या पगारावर ढकलावं. तोवर नव्या बुशांवर, आहे त्याच उंचीवर गाडी खुशाल पळवावी.