अपवादाची मान

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मांची मोजदाद आहे. कंठाच्या दोन्ही बाजूंना असलेली नीला आणि मन्या ही मर्मं त्यातलीच. तिथं घाव बसला तर माणूस मुका होतो, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते, असंही तिथं सांगितलं आहे. म्हैसूरमध्ये शरीररचना शिकवताना, मानेचं विच्छेदन सुरू व्हायच्या दिवशी, मी हे मुलांना सांगत आले. ग्रंथ या मर्मांना धमन्या म्हणतो. पण धमनी तुटली तर माणूस रक्त जाऊन मरेल. मुका कशानं होईल? मुका होतो तो धमनीला लगटून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाल्यामुळे. ज्यानं हे लिहून ठेवलं त्यानं जखमी माणसं बारकाईनं पाहिली होती. आळ फक्त शेजाऱ्यावर गेला.

ग्रीकांकडेही हाच घोटाळा होता. मेंदूकडे जाणाऱ्या या धमनीचं 'कॅरोटिड' हे नाव गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. दुसऱ्या शतकात गेलननं रोममध्ये लोकांसमोर किंचाळत्या डुकराच्या मानेतला तंतू बांधून त्याला गप्प केलं आणि आवाजाचा धागा धमनीत नाही, तिच्या शेजारी आहे हे दाखवलं. गंडमाळा काढताना वैद्यांनी हा तंतू तोडल्याच्या हकिगतीही त्यानं लिहिल्या आहेत. मुलं गाठींतून सुटली आणि अर्धा आवाज गमावून बसली. (आपण मराठीत अजून गेलनच्या आधीच्या काळात आहोत. 'नस' म्हटलं की शीर, धमनी, मज्जातंतू यांतलं काहीही चालतं.)

आज हीच मान पक्षाघात टाळण्यासाठी उघडली जाते. धमनीत साचलेला चरबीचा थर खरवडून काढायचा, हे ते ऑपरेशन. १९५३ मध्ये ह्यूस्टनला डिबेकींनी ते केलं; १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात ईस्टकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थर खरवडण्याऐवजी धमनीचा तुंबलेला भागच कापून टोकं जोडली. त्याचा खरा हिशेब मात्र १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत लागला. धमनी सत्तर टक्क्यांहून जास्त तुंबलेल्या आणि मेंदूनं आधीच एकदा इशारा दिलेल्या रुग्णांत, नुसत्या औषधांवर दोन वर्षांत शंभरातल्या २६ जणांना त्या बाजूचा पक्षाघात झाला. ऑपरेशन केलेल्यांत ९ जणांना. म्हणजे सहाएक माना उघडल्या की एक माणूस वाचतो. याच्याशी भांडण असायचं कारण नाही.

त्याच चाचणीत शंभरातल्या आठ-नऊ जणांच्या कुठल्या ना कुठल्या मज्जातंतूला इजा झाल्याचीही नोंद आहे. तंतू बहुधा कापला जात नाही. ताणला जातो, चिमट्यात येतो, नाहीतर भाजतो, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो. म्हणून हिशेबात ही इजा 'किरकोळ' ठरते. माझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका काकूंचं ऑपरेशन दुसऱ्या एका शहरात झालं. हातपाय धड राहिले, आवाज मात्र वारा गेलेल्या पेटीसारखा झाला. "जीव वाचला, तक्रार कशाला करू?" असं त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "पण फोनवर नातू विचारतो, कोण बोलतंय?"

किरकोळ हा शब्द कोणी ठरवायचा, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड आहे, आणि तो नेहमीपेक्षा वेगळ्या घडणीच्या मानेचा आहे.

स्वरयंत्राला चालवणारा तंतू सरळ तिथं जात नाही. मेंदूतून निघालेल्या व्हेगसबरोबर तो खाली उतरतो, उजवीकडे हाताच्या मोठ्या धमनीला खालून वळसा घालतो, डावीकडे तर छातीत महाधमनीला, आणि मग परत वर येतो. शुद्ध द्राविडी प्राणायाम. (म्हैसुरात राहून हा वाक्प्रचार वापरताना मी जीभ चावते.) पण फार तर शंभरात एखाद्या माणसात उजव्या हाताची ती धमनी गर्भातच वेगळी घडते, ती डावीकडून निघून अन्ननलिकेमागून येते. मग तंतूला वळसा घालायला काही उरतच नाही. तो व्हेगसमधून निघून थेट स्वरयंत्राकडे जातो, नेमका कॅरोटिडजवळून, सुरीच्या वाटेत आडवा. स्टेडमननं १८२३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या धमनीचं लॅटिन नाव 'लुसोरिया' आहे, म्हणजे निसर्गाची थट्टा. मला हे नाव कधीच आवडलं नाही. आडवळणानं जाणारा तंतू नियमाचा आणि सरळ जाणारा थट्टेचा? शरीरानं थट्टा केलेली नसते. आपण एक नकाशा काढलेला असतो आणि हे शरीर त्या नकाशाच्या आधीपासूनचं नसलं, तरी त्याला बांधीलही नसतं.

विच्छेदनाच्या टेबलावर असा तंतू मी एकदाच पाहिला, देहदान केलेल्या एका गृहस्थांच्या मानेत. मुलांनी त्याला बिनदिक्कत 'आन्सा' म्हटलं. चूक स्वाभाविक होती. आन्सा सर्व्हायकॅलिस हा मानेच्या पुढच्या चपट्या स्नायूंचा तंतू. तोही तसाच पांढरा दोरा, त्याच भागात, आणि वाट करून घेण्यासाठी तो कापला तरी सहसा रुग्णाला फरक जाणवत नाही. म्हणजे दोन सारखे दिसणारे धागे: एक कापला तर चालतो, दुसरा कापला तर माणसाचा आवाज जातो. धागा कापला जाण्याआधी त्याला नाव दिलं जातं, आणि घात नाव देण्याच्या त्या क्षणी होतो.

एका शल्यचिकित्सक मित्राशी यावर बरेचदा वाद झाला. त्याचं म्हणणं असं, की शंभरातल्या एकासाठी उरलेल्या नव्व्याण्णवांना भ्यायला लागलो तर हात चालणार नाही. धमनीला चिमटा लावला की मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो, तिथं प्रत्येक मिनिट मोजून घ्यावं लागतं. आणि मान न उघडता मांडीतून स्टेंट टाकला तर तंतू वाचतात, पण २०१० च्या मोठ्या चाचणीत उपचाराच्या काळातले पक्षाघात स्टेंटवाल्यांत ४.१ टक्के होते, ऑपरेशनवाल्यांत २.३. सगळं खरं आहे. तरी मला वाटतं, तो दोन वेगळ्या खर्चांची बेरीज करतो. प्रत्येकाची छातीपर्यंत तपासणी करा असं म्हटलं तर संभाव्यता विचारात घ्यायलाच हवी. तिथं शंभरात एक हे उत्तर होऊ शकतं. पण समोर आलेला धागा ओळख पटेपर्यंत कापायचा नाही, यासाठी लागतात काही मिनिटं, आणि तीही चिमटा लावायच्या आधीची, म्हणजे स्वस्तातली. आन्सा असेल तर तो वर जिभेच्या तंतूपर्यंत जाताना दिसेल; व्हेगसमधून निघून स्वरयंत्राकडे वळला तर तो आन्सा नाही. इथं संभाव्यतेचा आधार घेणं म्हणजे गणिताच्या आड आळस लपवणं. नव्व्याण्णवांचा फायदा दाखवून शंभराव्याचं नुकसान माफ होत नाही, कारण त्याचं नुकसान टाळून नव्व्याण्णवांचं काहीच बिघडणार नव्हतं.

मित्राला हे अर्धंच पटलं. चांगल्या हाताला धागा 'कळतो' असं तो म्हणतो, आणि अनुभवाला मीही कमी लेखत नाही. पण अनुभव नव्व्याण्णवांचाच असतो. वीस वर्षांत ज्याला एकही असा तंतू भेटला नाही, त्याचा आत्मविश्वास याच मानेत सगळ्यांत जास्त धोक्याचा.

काकू आता मानसगंगोत्रीतल्या वाक् श्रवण संस्थेत आवाजाच्या व्यायामासाठी जातात. १९६५ पासूनची ही संस्था, म्हैसूरकरांना तिचा योग्य अभिमान आहे. तिथल्या मुलीनं पहिल्याच दिवशी काकूंना विचारलं, दिवसभरात कोणाकोणाशी बोलता, पाठांतर काय असतं, गाता का? ऑपरेशनच्या आधी हे कोणी विचारलं नव्हतं. संमतीपत्रावर आवाजाचा उल्लेख छापील होता, सही काकूंचीच होती. मला नाही वाटत की पाच मिनिटं बोलून त्यांचा निर्णय बदलला असता. पक्षाघाताला त्या भीतच होत्या. पण मग तो धोका त्यांनी पत्करलेला असता. आता तो फक्त त्यांच्या वाट्याला आला.

त्यांच्या कागदांत मी तंतूचा उल्लेख शोधला. मान कशी दिसली, व्हेगस पुढं होता की मागं, उजवीकडे काही वेगळं आढळलं का, काही नाही. 'ऑपरेशन व्यवस्थित पार पडले', एवढंच. दुसऱ्या बाजूची धमनीही थोडी तुंबलेली आहे. ती कधी उघडायची वेळ आली, तर आधी दुर्बिणीनं स्वरयंत्र पाहावं लागेल, कारण दोन्ही बाजू निकामी झाल्या तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो. काकूंनी ते वाक्य माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावलं.