अहवाल येण्यापूर्वी

संकट टळल्यावर देवापुढे साखर ठेवणे सोपे असते. नवस बोलणे त्याहूनही सोपे. फळ मिळाले नाही तर काहीच द्यावे लागत नाही. पण फळ कोणते मिळणार हे ठाऊक नसताना माणसाला कृतज्ञ होता येते काय? आणि झालाच, तर ती कृतज्ञता की भीतीने घेतलेले सोंग? सतराव्या शतकातील फ्रेंच लेखक ला रोशफूको याला तर बहुतेकांच्या कृतज्ञतेत पुढच्या मोठ्या लाभाची छुपी आशाच दिसे.

गेल्या वर्षी दसरा झाला आणि आमच्या नानांच्या मानेतील गाठीचा तुकडा तपासायला गेला. आठवडा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. एवढ्याशा तुकड्याला आठवडा कशाला, म्हणून मी चौकशी केली. तो आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग त्यातील पाणी काढून मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीचे ३-४ मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसापेक्षा पंधरा-वीस पट पातळ काप काढतात. ते निळ्या-गुलाबी रंगांनी रंगवले, की मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखू येतात. त्यांतला निळा रंग मूळचा मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडातून निघतो. हे कळले आणि मला उगाचच बरे वाटले. कुठले झाड, कोण अनोळखी माणसे, आणि कुठले आमचे नाना!

त्या आठवड्यात घरात कोणी ‘कृतज्ञता’ हा शब्द उच्चारला नाही. आपल्याला तो सत्कारसमारंभातच आठवतो. आई भाजणी भाजत होती. ताई कराडहून आली होती. नाना मात्र एकाएकी बोलू लागले. १९६२ साली, म्हणजे पानशेतच्या पुरानंतरच्या वर्षी, ते पुण्यात शिकायला आले आणि वार लावून जेवू लागले. ज्यांच्या स्वतःच्या घरांत आदल्या वर्षी चिखल शिरला होता, अशांच्याही पंगतीला ते बसले. सोमवार शनिवार पेठेत, शुक्रवार नारायण पेठेत, असे ते बोटांवर मोजत. सहा घरे नीट आठवत. गुरुवारचे काही केल्या आठवेना.

“अगं, गुरुवार कोणाकडे होता?” ते आईला विचारत.

“मला काय ठाऊक? मी तेव्हा परकरात होते,” आई म्हणे, आणि मग आम्ही सगळेच गुरुवारच्या मागे लागत असू. पुण्याचा नकाशासुद्धा काढून झाला.

कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा. जे होऊन गेले ते जाणणारा. नवसाची नजर उद्यावर असते आणि अहवालही उद्याचेच सांगतो. नाना बोटांवर मोजत होते ते मात्र केव्हाच होऊन गेलेले होते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो असे म्हटले आहे. मला स्वतःला ऋण हा शब्द इथे फारसा रुचत नाही. ऋण म्हटले की वही आली, व्याज आले. आणि त्या घरांत कोणी वही ठेवली नव्हती. शिवाय आजाराचेही आभार माना, तो काही शिकवून जातो, असे सांगणाऱ्यांचा मला राग येतो. आजाराने आम्हांला काही दिले नाही. दिले ते त्या सहा घरांनी, आणि सातव्याने.

सातव्या दिवशी अहवाल आला. जे नको होते तेच त्यात होते. त्या रात्री ताई रडली, मी देवाला बोल लावला, आणि चकल्यांचा डबा कोणी उघडला नाही. कृतज्ञतेने दुःख कमी होते असे मी कोणाला सांगणार नाही. आमचे झाले नाही. पण त्या सहा घरांपैकी एकही घर त्या कागदाने पाडले नाही, हेही खरे. दुसऱ्या दिवशी नाना पुन्हा बोटे मोजत बसले होते.

उपचार अजून चालू आहेत. परवा रेडिएशनला जाताना रिक्षात ते मध्येच म्हणाले, “गुरुवारी बाजरीची भाकरी असे. एवढे आठवते बघ.” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आणि त्या बाई वाढताना कधी वर पाहत नसत. मुलाला लाज वाटू नये म्हणून असेल.”